सिरोंजला कार्ड गेलंच नव्हतं

आधी एक सांगून ठेवतो. मी भुताखेतांना मानणारा माणूस नाही. घाबरतो खूप, पण मानत नाही. आमच्या गल्लीच्या तोंडावरच्या पिंपळाखालून जाताना बाकीचे मारुतीचं नाव घ्यायचे, मी सरळ पळायचो. नाव घ्यायला थांबणार कोण?

मी लष्करात राहतो. लष्कर म्हणजे ग्वाल्हेरचा मोहल्ला, फौज नाही. फौजेत माझे आजोबा-पणजोबा होते, मला तर कोणी दारातही उभं केलं नसतं. तुमच्या पुरवणीत लोकांचे असे अनुभव येतात ते सूनबाई दर रविवारी वाचून दाखवते. परवा मी म्हटलं, यात काय आहे, याहून पक्का माझ्याकडे पडलाय. ती म्हणाली, मग बोला, मी लिहिते. तर बोलणारा मी, लिहिणारी ती. शाळेत मी एकूण दीड दिवस गेलो. अर्ध्या दिवशी मास्तरांनीच हात जोडून घरी पाठवलं. तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका तिच्या आणि मूर्खपणा माझा, असं धरून चाला.

गोष्ट आहे नवा मध्य प्रदेश झाला त्याच्या पुढच्या मे महिन्याची. आधी आमची रियासत होती. मग रियासत गेली, मध्यभारत आलं. मग मध्यभारत पण गेलं आणि राजधानी झाली भोपाळ. आम्ही मात्र तिथंच, नया बाजारच्या मागच्या आवारात. वरची पाटी तेवढी बदलायची. मला वाचता येत नाही, म्हणून मला काही फरक पडला नाही.

आमचं खातं दौऱ्याचं. मोठे लोक दौऱ्यावर निघाले की तंबू, पाणी, स्वयंपाक, मोटारी, सगळं आमच्याकडे. एक काळ असा होता की त्या आवारात पाय ठेवायला जागा नसायची. त्या वर्षी अकरा माणसं उरली होती आणि एक बंगला-मोटर.

बंगला-मोटर म्हणजे लॉरीच्या सांगाड्यावर सागवानी घर बांधलेलं. आत दोन पलंग, भिंतीतून खाली पडणारं टेबल, जाळीचं कपाट, वर पाण्याची टाकी, खिडक्यांना हिरवे पडदे. जुन्या काळी शिकारीला न्यायचे. बाजारातून निघाली की लोक दुकानं सोडून बघायला यायचे. मी तिचा ड्रायव्हर. लोक मोटरला बघायचे, मला वाटायचं मला बघतात. दोन वेळा याच खुशीत खांबाला ठोकली.

आणि माझे बाबा, गणपतराव, याच खात्यात अगाडीचा माणूस होते. म्हणजे काय, तर उद्या मुक्काम जिथं पडणार तिथं हा माणूस आजच जाऊन पोचणार. लॉरी, बैलगाडी, पाय, जे मिळेल त्यानं. विहिरीच्या पाण्याची चव घेणार, दूधवाल्याला सांगणार, लाकूड फोडून घेणार, खाटांमधले खटमल उन्हात काढणार, कोणाला काय खायला चालत नाही ते आचाऱ्याच्या कानात घालणार, आणि मागचे लोक यायच्या आत पुढच्या मुक्कामाला निघून जाणार. त्यामुळं ज्यांच्यासाठी बाबा तीस वर्षं राबले, त्यातल्या अर्ध्यांनी त्यांना कधी बघितलंच नाही. त्यांनी बघितलं ते फक्त भरलेलं मडकं.

बाबांनाही वाचता येत नव्हतं. हा आमचा घराण्याचा गुण. म्हणून रस्ता फुटतो तिथं ते मागच्या ड्रायव्हरसाठी खूण करून जायचे. तीन दगड, खाली दोन वर एक, आणि त्यात खोचलेली पाल्याची डहाळी. डहाळीचा शेंडा जिकडे, तिकडे मोटर. उन्हात पाला लगेच मरगळतो आणि लांबून दिसत नाही, म्हणून स्वतःच्या छागलीतलं, म्हणजे कापडी पिशवीतलं, पिण्याचं पाणी त्याच्यावर शिंपडायचे. मी मोटर चालवायला शिकलो ते या दगडांकडे बघून. पाटी आली की मी नजर खाली करतो, अजून.

त्यांचे बूट आख्ख्या खात्यात मशहूर होते. रियासत दर दसऱ्याला एक जोडी द्यायची. बाबा ते नाडीनं बांधून गळ्यात लटकवायचे आणि अनवाणी चालायचे. घातले तर घासतात ना! मोठे साहेब दिसले तरच पायात. आणि साहेब तर अगाडीच्या माणसाला कधी दिसतच नाहीत. माझ्या लग्नात मी त्यातलीच एक कोरी जोडी घातली.

बाबा नवा प्रांत व्हायच्या आधीच्या थंडीत गेले. त्यांची जागा सरकारनं भरलीच नाही. आमचे आबासाहेब, म्हणजे खात्याचे मुख्य, जुने मानी गृहस्थ, म्हणाले, ठीक आहे, आता आपण आधी पोस्टकार्ड पाठवत जाऊ.

आता मुद्द्यावर येतो. नवीन सरकारकडून एक साहेब आले, खापरेसाहेब. नागपूरकडचे. वाटणीत नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि हे इकडे राहिले. वय कमी, चष्मा जाड. आवारात आले, बंगला-मोटरला एक चक्कर मारली आणि म्हणाले, "हे काय घर आहे का मोटर आहे, बाप्पा? जीप आहे, टेलिफोन आहे. मग इतकी माणसं इथं काय करून राहिली?"

आबासाहेब म्हणाले, "ते सांगून नाही कळायचं. पंचमढीच्या मीटिंगला तुम्हाला जायचंच आहे. आमच्याबरोबर या. वाटेत जुने डाकबंगले बघा आणि आमचं कामही बघा. मग जे लिहायचं ते लिहा."

ठरलं. पाचव्या दिवशी दुपारी चार वाजता पंचमढीला मीटिंग. तिथं खापरेसाहेब रिपोर्ट ठेवणार आणि त्यावरून ठरणार, खातं राहतं का अकरा माणसं घरी जातात. निघायच्या सकाळी अकराही घरची मंडळी आवारात जमली. आमच्यातला सगळ्यात म्हातारा, पाणी भरणारा रहीमचाचा, माझ्या खिडकीशी आला आणि म्हणाला, "दत्तू, तेरे बाप ने कभी नाक नहीं कटवाई। याद रखना।"

मी म्हटलं, "चाचा, फिकर नॉट!"

आता माझी अक्कल ऐका. चार दिवस आधी आबासाहेबांनी माझ्या हातात पाच कार्डं दिली होती. नरवर, चंदेरी, भेलसा, सोहागपूर, पंचमढी. "बाड्यावरच्या पोस्टात टाक, आजच्या आज." गेलो. बाडा म्हणजे आमचा मोठा चौक. तिथं बघतो तर पेट्या दोन. एक गावातली, एक बाहेरगावची. कोणती कोणती, लिहिलेलं होतं, पण ते वाचता येणाऱ्यांसाठी. विचारलं असतं तर कोणीही सांगितलं असतं. पण माझ्या डोक्यावर टोपी होती आणि टोपीवर पितळी बिल्ला. बिल्ला लावून विचारायचं, भैया, बाहरगाँव का डिब्बा कौन सा है? शान जाते! म्हटलं, कोणी ओळखीचा टाकायला येईल, त्याच्या मागोमाग टाकू. तेवढ्यात समोर कचोरी निघाली कढईतून. मग घरी आलो. आबासाहेबांनी विचारलं, "टाकलीस?" मी म्हटलं, "हो साहेब." आणि मला खरंच तसं वाटत होतं.

पहिल्या दिवशी शिवपुरीच्या अलीकडे रेडिएटर तापलं. फडकं घ्यायला सीटखाली हात घातला, तर हातात पाच कार्डं आली. एकाला कचोरीचं तेल.

मागे दोघं साहेब टेबल पाडून चहा पीत होते. आबासाहेबांचा आवाज येत होता, "नरवरला बघाच तुम्ही, पाय धुवायला पाणीसुद्धा तयार मिळेल." आणि मला माहीत होतं की नरवरला काही मिळणार नाही, कुलूप मिळेल. तिथंच उतरून सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. कार्डं परत सीटखाली सारली आणि वर मी बसलो, कोंबडी अंड्यावर बसते तसा.

नरवरला किल्ल्याखाली पोचलो तेव्हा ऊन उतरत होतं. डाकबंगल्याचं दार सताड उघडं. अंगणात सडा. पायरीवर दोन लोटे पाणी. चौकीदार हात जोडून, "आइए सरकार, सब तैयार है। आपका आदमी सुबह ही कह गया था।"

मी हँडल धरून बसूनच राहिलो.

खापरेसाहेब म्हणाले, "वा! हे कोणी केलं?" आबासाहेबांनी अभिमानानं माझ्याकडे बोट दाखवलं. "सगळी व्यवस्था दत्तूची." मला वाटलं, आबासाहेबांनी माझ्यावर भरवसा न ठेवता गुपचूप कोणाला तरी पुढे पाठवलं असणार. आणि मी काय केलं? टोपी नीट केली आणि म्हटलं, "कर्तव्य आहे, साहेब."

जेवायला साहेबांना भात, वरण, दही. माझ्यासमोर चार कोरड्या रोट्या आणि मिरची. मी म्हटलं, "चावल कहाँ है?" चौकीदार म्हणाला, "आपका आदमी मना कर गया है। बोला, ड्राइवर को चावल मत देना, गाड़ी पे सो जाता है।"

कोण हा हरामखोर, म्हटलं. पण विचारायचं कसं? मीच पाठवलेला माणूस ना तो! मीच विचारू का की दिसायला कसा होता?

दुसऱ्या दिवशी चंदेरी. डोंगराच्या कुशीतलं गाव, जिकडे तिकडे जुने दरवाजे आणि घरोघर मागाची खटखट. तिथंही तेच. पाणी, लाकूड, उन्हात काढलेल्या खाटा. आणि मला कोरड्या रोट्या. खापरेसाहेब वहीत लिहीत होते, पण त्यांचा चेहरा काही खुश नव्हता. रात्रीच्या जेवणानंतर नाही, तर तिसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी, मोटर सुरू व्हायच्या क्षणाला ते बोलले.

"आबासाहेब, तुमची तयारी चांगली आहे. पण ही तर पाठ केलेली कविता झाली. मधलीच ओळ विचारू का?"

"विचारा ना."

"आज भेलशाला नाही जायचं. सिरोंजला जायचं."

आबासाहेबांच्या हातातला कप बशीत वाजला. सिरोंज म्हणजे आमच्या रियासतीत कधी नव्हतंच ते गाव. आधी ते राजस्थानात होतं, नव्या वाटणीत आत्ता कुठं आपल्याकडे आलेलं. आमच्या खात्यातलं कुत्रंसुद्धा तिथं कधी गेलं नव्हतं. पण मानी माणूस. म्हणाले, "चला. दत्तू, सिरोंज."

मी "जी" म्हटलं आणि निघालो. मला रस्ता माहीत नव्हता. आख्खा दिवस कच्चा रस्ता, टेकाडं, नाले, पळसाचं रान. खापरेसाहेब मधेच माझ्या शेजारी येऊन बसले. म्हणाले, "तुम्ही इकडे आधी येऊन गेले काय?"

"नाही साहेब."

"मग विचारत का नाही कोणाला? चार फाटे झाले, तुम्ही एकदाही थांबले नाही."

मी म्हटलं, "ड्रायव्हरचा अंदाज असतो, साहेब." बघा, किती हलका माणूस मी. मोठेपणाची संधी आली की सोडत नाही.

सिरोंजला दुपार टळता टळता पोचलो. बंगला गावाबाहेर चिंचेखाली. दार उघडं. सडा. पायरीवर दोन लोटे.

तिथला चौकीदार बिचारा घाबरलेला होता. "हुजूर, हमें तो कोई खबर नहीं थी। सुबह एक आदमी आया, बोला ग्वालियर से साहब लोग आ रहे हैं, दो जने, एक ड्राइवर। पानी अपने सामने भरवाया, चखा भी। ड्राइवर को चावल..."

"मत देना," मी म्हटलं. "मालूम है।"

खापरेसाहेबांनी लोटा उचलला, पाणी प्यायले आणि रिकामा लोटा उलटा करून बघितला. सकाळी चहाच्या वेळी त्यांच्या डोक्यात आलेली गोष्ट सकाळीच इथं कोण सांगून जाणार?

आबासाहेबांनी मला चिंचेमागे ओढलं. "दत्तू, खरं बोल. सिरोंजला कोणाला पाठवलंस?"

म्हणजे यांनी पण कोणाला पाठवलं नव्हतं! दोन दिवस मी समजत होतो की ती यांची करामत, आणि हे समजत होते माझ्या कार्डांची.

मी म्हटलं, "साहेब, व्यवस्था आहे." आणि टोपी नीट केली.

ते गेले आणि मी मोटरच्या सावलीत बसलो. तेव्हा डोक्यात आलं. मी आख्खा दिवस कोणाला विचारलं नाही, बरोबर. अंदाज-बिंदाज मला काही नाही, मी स्वतःच्या गल्लीत चुकतो. मग चार फाट्यांवर मी वळलो कशावरून? दगडांवरून. खाली दोन, वर एक, हिरवी डहाळी. प्रत्येक फाट्यावर होते. लहानपणापासून इतकी सवय की डोळ्यांनी बघितलं, हातांनी मोटर वळवली आणि डोक्याला कोणी कळवलंच नाही.

मे महिन्याच्या उन्हात मला थंडी वाजली.

मागे जाऊन दगड बघावे असं मनात आलं. गेलो नाही. सांगितलं ना, मी मानत नाही, फक्त घाबरतो.

चौथ्या दिवशी भोपाळ मागे टाकलं, नर्मदा ओलांडली, सोहागपूरला मुक्काम. तिथलंही सांगत बसत नाही. पाणी, खाटा, कोरड्या रोट्या. खापरेसाहेब आता माझ्याशी बोलत नव्हते, फक्त बघत होते. मोटर थांबली की उतरून चारी बाजूंना नजर टाकायचे, कोणी सायकलवाला पुढे पळतोय का म्हणून.

पाचव्या दिवशी घाट. सातपुडा तुम्ही बघितला असेल तर माहीत असेल, एकीकडे भिंत, एकीकडे दरी, आणि मधे माझी सागवानी हवेली पहिल्या गिअरमध्ये कण्हतेय. दोनदा पाणी उकळलं. दोनदा थांबलो. बारा वाजले, एक वाजला. चारला मीटिंग.

एका वळणानंतर रस्ता फुटला. डावीकडे रुंद, पाटी लावलेला. उजवीकडे जंगलातून जाणारा जुना अरुंद रस्ता. आणि त्या फुटण्यावर तीन दगड. डहाळी उजवीकडे.

या वेळी मी बघितलं, डोक्यासकट बघितलं. आणि ब्रेक लावला.

"पाटी डावीकडे दाखवते," खापरेसाहेब मागून ओरडले. "थांबले काय? चला ना!"

मी खाली उतरलो. जवळ गेलो. आंब्याची डहाळी होती, आणि पानांवरून पाणी टपकत होतं. दगडाखालची माती ओली. त्या उन्हात तव्यावर टाकल्यासारखं पाणी उडून जात होतं. म्हणजे शिंपडणारा आत्ता, या घडीला, पुढच्या वळणामागे असला पाहिजे.

मला काय झालं पता नाही. मी जोरात ओरडलो, "बाबा!"

डोंगरातून माझाच आवाज परत आला. दुसरं काही नाही. मी वळणापर्यंत पळत गेलो. रस्ता मोकळा. परत आलो आणि रस्त्यात बसून लहान पोरासारखा रडलो. बिल्ला लावून.

दोघं साहेब खाली उतरले. आता लपवण्यात काय होतं? सीटखालून कार्डं काढली आणि आबासाहेबांच्या हातात दिली. पेट्यांचं सांगितलं, कचोरीचं सांगितलं, दगडांचं सांगितलं. म्हटलं, "साहेब, मी काही केलं नाही. एकाही ठिकाणी कळवलेलं नाही. मी फक्त टोपी नीट करत होतो."

आबासाहेबांनी एकेक कार्ड उलटं करून बघितलं. मला वाटलं मारतील. मारलं असतं तर बरं वाटलं असतं. ते फक्त म्हणाले, "अकरा घरं, दत्तू."

मग खापरेसाहेबांकडे वळले. "तुम्ही लिहा, साहेब. आमच्याकडून चूक झाली, तशीच लिहा. पण एक सांगतो. ही खूण आमच्या गणपतरावांची. या माणसाचा बाप. दीड वर्ष झालं जाऊन, मी स्वतः खांदा दिलाय."

खापरेसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, लावला. दगडांजवळ उकिडवे बसले. ओल्या पानाला बोट लावलं, बोटाकडे बघितलं. रस्त्यावर आमच्याशिवाय चाकाचा माग नाही, पायाचा नाही.

"मी असल्या गोष्टी मानत नाही," ते म्हणाले.

"मी पण नाही, साहेब," मी नाक पुसत म्हटलं.

"पण सिरोंजचं पाणी मी स्वतः प्यायलो." आणि लगेच म्हणाले, "घ्या उजवीकडे."

त्या अरुंद रस्त्यानं आलो. फांद्या हिरव्या पडद्यांना घासत होत्या. साडेतीनला पंचमढीच्या बंगल्यासमोर उभे! तिथल्या चौकीदारानं सांगितलं की रुंद रस्त्यावरचा पूल दुरुस्तीसाठी उखडलाय, कालपासून एक बस तिकडे अडकलेली. "आपके आदमी ने बताया होगा," तो म्हणाला. "सुबह यहाँ भी कह गया।"

आणि इथं खापरेसाहेबांनी तो प्रश्न विचारला, जो पाच दिवस मी शरमेनं विचारला नव्हता. "दिखने में कैसा था?"

"बुजुर्ग थे, साहब। सफेद मूँछ। नंगे पैर।" चौकीदार हसला. "और जूते गले में लटका रखे थे, एकदम नए। मैंने कहा, बाबा, पहन लो, पत्थर गरम हैं। बोले, साहब आएँगे तब पहनूँगा।"

आबासाहेबांनी डोक्यावरची पगडी काढून हातात घेतली. मोठ्या लोकांसमोरसुद्धा ती मी कधी उतरलेली बघितली नव्हती.

चारला मीटिंग झाली. मी बाहेर मोटरशी. नंतर आबासाहेबांनी रिपोर्टची नक्कल मला वाचून दाखवली. ड्रायव्हर निष्काळजी आहे, असं त्यात होतं. बरोबरच होतं. दुसरं असं, की पाचही मुक्कामांची पूर्वतयारी वेळेवर आणि उत्तम झालेली आढळली, ऐन वेळी ठरलेल्या सिरोंजचीसुद्धा. असं काम दुसऱ्या कोणत्या खात्यात बघितलं नाही, तेव्हा ही माणसं ठेवावीत. आणि जिथं करणाऱ्याचं नाव लिहायचं, तिथं फक्त एक रेघ. आबासाहेबांनी सांगितलं, खापरेसाहेबांनी बाबांचं नाव विचारलं होतं, पूर्ण, त्यांच्या वडिलांच्या नावासकट. मग पेन शाईत बुडवलं आणि रेघ ओढली. खोटं लिहवेना आणि खरं लिहिता येईना.

अकराच्या अकरा माणसं नव्या प्रांताच्या नोकरीत गेली. लष्करात परतलो तेव्हा रहीमचाचा मला मिठी मारून म्हणाला, "नाक रख ली तूने!" मी म्हटलं, "चाचा, मैंने नहीं।" त्याला वाटलं मी मोठ्या मनानं बोलतोय. आयुष्यात पहिल्यांदा खरं बोललो आणि तेही वाया गेलं.

माझा मुलगा बँकेत आहे, शिकलेला. तो म्हणतो, अशा मोटरची खबर गावोगाव आपोआप पोचत असेल. असेल ना. पण सिरोंजची? आणि मला भात देऊ नका, ही खबर कोण पोचवणार? ती गोष्ट बाबा प्रत्येक मुक्कामाला सांगायचे, आणि मुश्कील एवढीच की ती खरी होती. तो म्हणतो, तुमचे आबासाहेबच काहीतरी खेळले असतील. आबासाहेबांनी शेवटच्या आजारात माझा हात धरून मलाच विचारलं होतं, "दत्तू, तू तर नाही ना काही केलंस?"

परतीचं मात्र सांगायलाच पाहिजे. खापरेसाहेब पंचमढीलाच राहिले. मी आणि आबासाहेब दोघंच निघालो, छाती अशी फुगलेली की दारात मावेना. घाट उतरलो. फाट्यावर दगड नाहीत. म्हटलं, पुढे असतील. पुढेही नाहीत. मी दोनदा रस्ता चुकलो, एकदा मोटर थेट कोणाच्या तरी खळ्यात घातली, आणि लोक काठ्या घेऊन धावले. संध्याकाळी सोहागपूरला पोचलो तर बंगल्याला कुलूप, चौकीदार बहिणीच्या गावाला. पाणी नाही, लाकूड नाही. पायरीवर बसलो. माझ्याकडे पिशवीत भाजलेले चणे होते, ते आबासाहेबांसमोर धरले.

त्यांनी बंद दाराकडे बघितलं, रिकाम्या पायरीकडे बघितलं, आणि म्हणाले, "काय रे, तुझ्या बापानं कधी परतीचं सांगून ठेवलं होतं का?"

मी आठवून बघितलं. तीस वर्षांत कधी नाही. ते नेहमी पुढच्याच मुक्कामाला निघालेले असायचे.

"नाही, साहेब."

"मग खा चणे," आबासाहेब म्हणाले.